गप्प बसण्याची पाच मिनिटं

शहरातल्या निम्म्या लोकांच्या दंडाला मी पट्टा बांधला असेल, पण आमच्या ह्यांचा दंड काही माझ्या हाती लागत नव्हता.

मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. लशी टोचणं, बाळंतिणींकडे चकरा मारणं, रक्तदाब मोजणं आणि गोळ्या घेतल्या का म्हणून लोकांच्या हात धुऊन मागे लागणं, यात माझी नोकरी चालली आहे. लोक तोंडावर मला ताई म्हणतात आणि पाठीमागे कटकट. माझी हरकत नाही. कटकट केल्याशिवाय धडधाकट दिसणारा माणूस गोळी गिळत नाही. त्यात रक्तदाबाचं दुखणं महाबेरकी, कारण ते दुखतच नाही. माणूस जेवतो, हसतो, भांडतो आणि एक दिवस उभ्याचा आडवा होतो.

आमचे वडील तसेच आडवे झाले. स्वतःच्या सलूनमध्ये, हातात वस्तरा, समोर गिऱ्हाईकाच्या गालाला फेस. गिऱ्हाईकाला ओरखडाही आला नाही, वडिलांचं मात्र उजवं अंग गेलं. त्यांना रक्तदाब होता हे आम्हाला कळलं ते त्या दिवशी. त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत, आणि ज्या माणसाचं तोंड जन्मात बंद नव्हतं त्याला पाणी मागायलाही शब्द सापडत नव्हता. ते सगळं मी माझ्या हातानं केलं आहे. म्हणून घरात मशीन असून नवरा मोजू देत नाही म्हटल्यावर माझं डोकं फिरायचं.

आमचे हे शाळेची बस चालवतात. कुठलं पोर कुठल्या कोपऱ्यावर चढतं, कोणाला खिडकी हवी, कोण घरून रडत येतं, सगळं त्यांना पाठ. बसच्या बाबतीत एवढा शहाणा माणूस, पण मी मशीन काढलं की ह्यांना अचानक चपला कुठे गेल्या ते आठवायचं नाही.

"दिवसभर नर्स असतेस ना," ते दारातून म्हणायचे, "मग घरी तरी बायको राहा."

"बायको आहे म्हणूनच मागे लागलेय."

"मला काय झालंय? आणि रेडिओकडे मोजतोच की मी."

हा रेडिओ म्हणजे माझा धाकटा भाऊ. वडिलांचं सलून आता तो चालवतो. दोन खुर्च्या, भिंतीला लावलेला बाक, कडेनं डाग पडलेला मोठा आरसा आणि दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. रेडिओ हे नाव त्याला गल्लीनं दिलं, आणि गल्लीचं काही चुकलं असं मी बहीण असूनही म्हणणार नाही. सकाळी दुकानाचं शटर आणि त्याचं तोंड एकदमच उघडतं.

त्याच्याकडे मशीन गेलं ते आमच्या डॉक्टर मॅडममुळे. केंद्रात बायका येतात, लेकरं येतात, म्हातारे येतात. कमावते पुरुष येत नाहीत. मॅडम नव्या आल्या, वयानं माझ्यापेक्षा कितीतरी लहान, पण डोकं तल्लख. त्यांनी पहिल्याच महिन्यात विचारलं, "ताई, हे लोक इथे येत नाहीत, मग जातात कुठे?" मी म्हटलं, दाढी करायला. त्या हसल्या नाहीत. पुढच्या महिन्यात शहरातल्या सलूनवाल्यांना बोलावलं, प्रत्येकाला एकेक मशीन दिलं आणि शिकवायचं काम माझ्याकडे आलं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. वरचा आकडा एकशे चाळीसच्या वर दिसला की केंद्रात पाठवायचं. बस, एवढंच. सगळ्यांनी माना डोलावल्या. रेडिओनं तर पहिल्या बाकावर बसून सगळ्यांत जास्त डोलावली. वडिलांचं झालं ते त्याच्या डोळ्यांसमोर झालं होतं. हे काम त्यानं मनापासून अंगावर घेतलं, यात मला कधी शंका आली नाही.

पण महिन्याभरात त्याच्या गल्लीत सगळ्या गोष्टीचा तमाशा झाला. त्याच्याकडे ज्याचं मोजावं त्याचं जास्तच भरायचं. घाबरून लोक केंद्रात यायचे, आम्ही मोजायचो तर नीट निघायचं. मग ते गल्लीत परत जाऊन आमची आणि त्याची यथेच्छ टिंगल करायचे. पुढे तर लोक केंद्रात यायचेच बंद झाले. मोजून घ्यायचे, आकडा बघून हसायचे आणि दाढी करून घरी जायचे. किराणा दुकानदार तर म्हणाला, रेडिओच्या मशीनचा पट्टा विजेच्या खांबाला बांधला तरी खांबाला गोळ्या चालू कराव्या लागतील.

एके रात्री जेवताना ह्यांनी मला तोच विनोद सांगितला आणि वर पुस्ती जोडली, "माझं आज एकशे ब्याण्णव आलं. सगळ्यात मी पहिला."

मी हातातला घास ताटात ठेवला. "हसताय काय? उद्या केंद्रात चला."

"अगं, तिथे सगळ्यांचंच येतं. हेडमास्तरांचं आलं, किराण्याचं आलं, तुझ्याकडे आले तर काही नव्हतं."

"ते आले तरी. तुम्हीही या."

"आणि खरंच काही निघालं तर?" हसणं जरा कमी झालं होतं. "बीपीवाल्याच्या हातात लेकरांची बस देतात का कोणी? उगाच कशाला साप विचारून घरात घ्यायचा."

मी ताट सरकवून उठले. भांडण झालं, ते त्यांनी जिंकलं, म्हणजे पांघरूण डोक्यावरून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर सगळ्या सलूनचे आकडे होते. बाकी ठिकाणी चारांत एखाद्याचं वाढलेलं, आणि रेडिओकडे जवळजवळ सगळ्यांचं.

"तुमच्या भावाची गिऱ्हाइकं काय डोंगर चढून येऊन खुर्चीत बसतात का?" त्या म्हणाल्या. "मशीन मी तपासून आणलं. मशीन चांगलं आहे. म्हणजे मोजण्यात काहीतरी गडबड आहे. तुम्ही एकदा तिथे बसून बघा. सुधारणार नसेल तर ते सलून आपल्याला यातून काढावं लागेल. खोट्या आकड्यांमुळे खरे आजारीही आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत."

भावाची बाजू घेऊन मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण खरं सांगते, माझ्या मनात भाऊ नव्हताच. आकडे खोटे आहेत, एवढंच मी ऐकलं. मग ह्यांचाही खोटा. एकशे ब्याण्णव खोटा. मी नाचतच सलूनकडे निघाले. माणसाला हवं ते ऐकू येतं, आणि नर्स झाली म्हणून तिचे कान वेगळे नसतात.

सलूनमध्ये मी बाकावर बसले, वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि कडेनं बघत राहिले. खुर्चीत किराणा दुकानदार टेकला. रेडिओनं त्याला पाठ टेकायला लावली, पाय खाली सोडायला लावले, हात उशीवर ठेवला. सगळं शिकवल्याबरहुकूम. दुकानदार डोळे मिटून गप्प बसला. मला माझ्याच शिकवण्याचं कौतुक वाटायला लागलं. तेवढ्यात रेडिओ म्हणाला, "तुमच्या समोर नवीन दुकान झालं म्हणे. काल केवढी गर्दी होती तिथे."

दुकानदाराचा एक डोळा उघडला.

"मी गेलो नाही हं. पण ही गेली होती. म्हणाली, साखर चांगली आहे, खडे नाहीत." असं म्हणून त्यानं बटण दाबलं. पट्टा फुगायला लागला. "तुमचे ते जुने गिऱ्हाईक, कोपऱ्यावरचे, तेपण तिथेच दिसले. मी म्हटलं, वीस वर्षांची ओळख अशी विसरतात का?"

दुकानदाराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मशीननं एकशे सत्तरच्या पुढचा आकडा दाखवला. रेडिओनं मान हलवली आणि आकडा सगळ्या बाकाला ऐकू जाईल असा वाचला. बाक हसला.

मी वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवलं. दुकानदाराची दाढी होऊन तो जाईपर्यंत दम धरला, आणि मग भावाला मागच्या नळापाशी नेलं.

"मी काय शिकवलं होतं?"

"पाठ, पाय, हात," तो म्हणाला. "सगळं केलं."

"आणि बोलायचं नाही हे?"

"गिऱ्हाइकानं बोलायचं नाही. ते कुठे बोलतं? ताई, माझ्या खुर्चीत आजपर्यंत कोणाला बोलायला मिळालंय का?"

मला हसावं की त्याच्या डोक्यात तांब्या घालावा ते कळेना. बरं, तो थट्टा करत नव्हता. त्याच्या हिशेबानं त्यानं नियम अक्षरशः पाळला होता.

"अरे, पण तू त्याला काय काय सांगत होतास. त्याच्या जखमेवर मीठ चोळत होतास."

"मग? झोपू देऊ त्याला?"

आणि तिथे माझी ट्यूब पेटली. वडिलांनी आम्हाला दोघांनाही एक गोष्ट लहानपणापासून ऐकवली होती. खुर्चीतलं गिऱ्हाईक पेंगू द्यायचं नाही. पेंगलं की मान पडते, आणि मान पडते तेव्हा वस्तरा कुठे असेल ते सांगता येत नाही. म्हणून बोलत राहायचं. नुसतं बोलून भागत नाही, हवापाण्याच्या गप्पांनी उलट झोप येते. ज्याचं जे दुखतं तिथे हळूच बोट ठेवायचं. जावई, भाडेकरू, समोरचं दुकान. माणूस टक्क जागा राहतो. वडिलांच्या हयातीत त्यांच्या खुर्चीत एकही गळा कापला गेला नाही, तो याच युक्तीनं. रेडिओ तेच करत होता. खुर्चीत माणूस टेकला की त्याचं तोंड आपोआप सुरू व्हायचं, मग हातात वस्तरा असो की पट्टा.

मी त्याला समजावून सांगितलं. नुसतं ऐकून, चिडून, मनातल्या मनात भांडूनसुद्धा रक्तदाब वर जातो, हे त्याच्या गळी उतरायला वेळ लागला. उतरलं तेव्हा तो उलट्या बादलीवर खाली बसला.

"म्हणजे इतके दिवस मी लोकांना खोटं सांगत होतो?"

"खोटं नाही. तू चढवत होतास आणि तूच मोजत होतास."

"बाबांसाठी केलं गं मी हे," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला की माझा राग पळाला. लहानपणी पाटी फुटली की तो असाच दिसायचा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "वस्तरा हातात आला की बोल हवं तेवढं. पट्टा बांधलेला असेल तेव्हा मात्र पाच मिनिटं तोंडाला कुलूप. जमेल?"

"त्यात काय," रेडिओ म्हणाला.

त्यात काय होतं ते दुसऱ्या दिवशी गल्लीनं पाहिलं. पहिलं गिऱ्हाईक निवृत्त हेडमास्तर. ते खुर्चीत टेकले आणि रोजच्यासारखा जावयाचा विषय निघण्याची वाट बघू लागले. विषय निघेना. त्यांनी आरशातून मागे पाहिलं. रेडिओ खांबासारखा उभा, ओठ आवळलेले, कपाळावर घाम. हेडमास्तरांनी बाकावरच्या माणसाला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

रेडिओनं मान जोरात हलवून कोणी गेलं नाही असं सांगितलं. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं गल्ल्यावरचा कंगवा उचलला आणि आडवा दातांत धरला. पाच मिनिटं तो कंगवा दातांत धरून उभा होता. पंख्याचा आवाज, नळाची टपटप, बाहेरून जाणारी सायकल, सगळं पहिल्यांदाच त्या सलूनमध्ये ऐकू येत होतं. हेडमास्तरांचा आकडा एकशे तीसच्या आत आला. कंगवा बाहेर निघाला आणि जे काही तुंबलं होतं ते हेडमास्तरांच्या दाढीवर असं कोसळलं की त्यांना पुढच्या अर्ध्या तासात ब्र काढता आला नाही.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. रेडिओ गप्प बसतो हे बघायलाच लोक यायला लागले. ज्यांची दाढी काल झाली होती तेही आज पट्टा बांधून घ्यायला हजर. एकेकाचे आकडे उतरत गेले. किराणा दुकानदाराचा उतरला, त्याच्या भावाचा उतरला, बँकेच्या शिपायाचा उतरला. लोकांना त्या पाच मिनिटांची गोडीही लागली असावी, कारण घरी एवढा वेळ कोणी गप्प बसू देत नाही, असं दोघातिघांनी मला सांगितलं. शिंप्याचा मात्र उतरला नाही. दोनदा मोजला तरी तेवढाच. पण यावेळी कोणी हसलं नाही. किराणावाला स्वतः त्याला केंद्रात घेऊन आला, आणि मॅडमनी गोळ्या सुरू केल्या. हे मी मुद्दाम सांगते आहे. आकडा खरा आहे असं कळल्यावर लोक कसे वागतात ते मला तिथे दिसलं, आणि तरी मी स्वतः काही शिकले नाही. माझ्या मनात एकच, ह्यांचाही उतरणार.

ह्यांनाही तसंच वाटत होतं. निदान तसं दाखवत तरी होते. रविवारी बस नसते. सकाळी चहा पिताना स्वतःहून म्हणाले, "चल, आज तुझ्या भावाचा कंगवा बघून येऊ. तुझ्या जिवाचा घोर एकदाचा जाऊ दे." मी साडी बदलून तयार. वाटेत ते शीळ घालत होते.

बाक भरलेला होता. "या भावोजी," रेडिओ म्हणाला, "एकशे ब्याण्णववाले." सगळे हसले, हेही हसले. खुर्चीत टेकताना त्यांनी शर्टाची बाही अशी वर सरकवली की जणू कुस्तीला उतरतायत. मी दारापाशी उभी राहिले. रेडिओनं पट्टा बांधला, कंगवा दातांत धरला आणि सगळे शांत झाले.

ती पाच मिनिटं मी आरशात त्यांच्याकडे बघत होते. घरी कधी इतका वेळ त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. सुरुवातीला ओठावर हसू होतं. मग ते विरघळलं. कपाळाला दोन आठ्या होत्या, त्या मी उन्हाच्या समजत होते. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर सारखा फिरत होता. गप्प बसलेला माणूस काही लपवू शकत नाही.

रेडिओनं बटण दाबलं. पट्टा फुगला, हवा सुटली, आकडा आला. एकशे अठ्ठ्याऐंशी.

रेडिओनं कंगवा काढला नाही. त्यानं मिनिटभर थांबून परत मोजलं. एकशे शहाऐंशी. मग दुसऱ्या हाताला. तेवढंच. बाकावर बसलेल्या हेडमास्तरांनी नजर खाली घातली. मी दाराची चौकट घट्ट धरली.

रेडिओ खुर्चीच्या पुढे आला. तो चेष्टा करेल, विषय बदलेल, काहीतरी करून ती शांतता मोडेल असं मला वाटत होतं. त्यानं कंगवा खाली ठेवला, ह्यांच्या दंडाचा पट्टा हळूच सोडला आणि बाही खाली ओढून बटण लावून दिलं.

"भावोजी," तो म्हणाला, "बाबांचं असं झालं तेव्हा मी इथेच उभा होतो. पुन्हा नाही बघू शकणार मी." आणि तो मागे नळाकडे निघून गेला.

आम्ही दोघं घरी चालत निघालो. दार लावल्यावर हे खुर्चीत बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सकाळी डोकं धरायचं. दोन महिने झाले. एकदा मुलांना शाळेत सोडून येताना समोरचं अंधुक झालं. बस कडेला घेतली आणि बसून राहिलो. मुलं उतरली होती म्हणून बरं."

मी त्या दिवशी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारणीनं खिडकी लावून घेतली, एवढ्यावरून समजा. बोलून बोलून घसा बसला तेव्हा मी त्यांच्या समोर खाली बसले आणि विचारलं, "मग रेडिओकडे कशाला जात होता? माझ्याकडे का नाही?"

"त्याचा आकडा हसण्यावारी नेता येत होता," ते म्हणाले. "तुझा आला नसता नेता."

मग ते रडले. एकवीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बस गेली तर मी कोण, असं काहीतरी म्हणत होते. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना कुशीत घ्यावंसंही वाटत होतं. मी दोन्ही केलं.

सोमवारी ते केंद्रात आले. माझ्यामागून नाही, रेडिओबरोबर. त्यानं सलूनचं शटर खाली ओढून ठेवलं होतं. मॅडमनी सगळं तपासलं, लघवी, रक्त, डोळ्यांचा पडदा. म्हणाल्या, नशीब चांगलं आहे, अजून कुठे धक्का लागलेला नाही. गोळ्या रोज, न चुकता. मीठ कमी. आकडा खाली येऊन खाली टिकेपर्यंत बस नाही.

"आणि मग?" ह्यांनी विचारलं.

"मग चालवा की. गोळी घेऊन आटोक्यात असलेल्या माणसाला कोण अडवतंय? मला भीती वाटते ती न मोजलेल्या ड्रायव्हरची."

शाळेत जाऊन मीच सांगणार होते, पण ते स्वतः गेले. बदली ड्रायव्हर मिळाला. पहिले काही दिवस वाईट गेले. बसच्या वेळेला त्यांना जाग यायची, ते उठून बसायचे आणि परत आडवे व्हायचे. गोळीचं नाव काढलं की अंगावर यायचे. जेवण अळणी म्हणून ताटाकडे असं बघायचे की जणू मीच काही गुन्हा केलाय. मीही काही कमी बोलले नाही. पण गोळी चुकली नाही. एक दिवस तर मी विसरले आणि त्यांनीच डबी उघडून मला दाखवत गिळली, शाळेतलं पोर गृहपाठ दाखवतं तशी.

सलून मॅडमनी काढलं नाही. उलट सगळ्या सलूनवाल्यांना परत बोलावलं आणि यावेळी शिकवायला रेडिओला उभं केलं. गिऱ्हाइकानं बोलायचं नाही आणि आपणही बोलायचं नाही, हे सांगायला त्यानं पाऊण तास घेतला. पण त्या सलूनमधून आता जो केंद्रात येतो तो खरा आजारी असतो, आणि त्याच्या मागून गल्ली येते, चौकशी करायला. पुरुष येत नाहीत ही माझी जुनी तक्रार होती. आता बाक पुरत नाहीत म्हणून मी तक्रार करते.

मधल्या काळात ह्यांचं मोजणं केंद्रातच होत होतं. तिथे आकडा उतरत होता, आणि मॅडम म्हणाल्या होत्या, घरीही उतरलेला आला की बस चालवायला हरकत नाही. घरचं मशीन कपाटात होतं आणि मी ते काढत नव्हते. एकदा तोंड पोळलं होतं माझं. मग परवा सकाळी मी डबा भरत होते, तर हे स्वयंपाकघरात आले. कपाटातून मशीन काढून टेबलावर ठेवलं. खुर्ची ओढली, पाठ टेकवली, पाय जमिनीवर ठेवले, हात टेबलावर पसरला.

"मोज," ते म्हणाले.

मी हात पुसले. पट्टा मी दोनदा सोडून परत बांधला. हजारो दंड झाले असतील आणि असं कधी झालं नव्हतं. मग मी समोर बसले आणि आम्ही दोघं गप्प राहिलो. बाहेर कोणीतरी बादली भरत होतं. मी मनात म्हणत होते, उतरू दे. नाही उतरला तरी चालेल, परत गोळी बदलू, परत मोजू, पण हा माणूस असाच समोर बसू दे.

मी बटण दाबलं. आकडा माझ्या बाजूला होता. त्यांनी मान वाकडी करून तो बघितला नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नर्ससारखा चेहरा ठेवायचा प्रयत्न केला, खरंच केला, पण डोळे भरून आले आणि हसूही आलं.

"बरं," ते पट्टा सोडवत म्हणाले, "मग आज शाळेत फोन करून सांगतो, सोमवारपासून येतो म्हणून."